डोक्यातले अंदाजपंचे

खिशात फोन थरथरल्यासारखा वाटतो, बघावं तर काहीच नाही! मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो, त्याची ही गंमत. पण अंदाज बांधणारी ही यंत्रणाच बिघडली तर? भास, संशय, पॅनिक आणि डिप्रेशन समजून घ्यायचं असेल, तर आधी मेंदूचे हे अंदाज समजून घ्यायला हवेत.

लेक्चर चालू असतं. खिशात फोन थरथरतो. तुम्ही बाकाखाली हळूच फोन काढून बघता. ना मेसेज, ना मिस्ड कॉल. कधी कधी तर फोन खिशात नसतोच, बॅगेत असतो. तरी मांडीवर थरथर जाणवलेली असते!

घाबरू नका, हे तुमच्या वर्गात जवळपास सगळ्यांना होत असणार. आणि कुणाच्या तरी रिप्लायची वाट बघत असाल तर जरा जास्तच होतं. पँटचं कापड मांडीला घासतं, एखादा स्नायू उगीच फडफडतो आणि मेंदू म्हणतो, 'आला मेसेज!'

म्हणजे काय झालं बघा. मेंदूने तुम्हाला जे घडलं ते सांगितलंच नाही. जे घडेल असं त्याला वाटत होतं, ते सांगितलं.

हा किस्सा डोक्यात ठेवा. कारण आज ज्या विषयावर बोलायचंय तो इथूनच सुरू होतो आणि थेट माझ्या होस्टेलच्या खोलीपर्यंत जातो. तिथे आपण येऊच. पण आधी हा मेंदू नेमका काय उद्योग करतो ते बघू.

कॅमेरा नाही, अंदाज!

आपल्याला वाटतं डोळा म्हणजे कॅमेरा आणि कान म्हणजे माइक. बाहेर जे आहे ते आत जातं आणि मेंदू ते स्क्रीनवर बघतो. पण मेंदूची अवस्था आठवा. तो कवटीच्या बंद, अंधाऱ्या खोलीत बसलेला आहे. त्याने आजवर ना उजेड पाहिलाय, ना आवाज ऐकलाय. त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त विजेचे बारीक बारीक सिग्नल, तेही अर्धवट, अस्पष्ट आणि थोडे उशिराच. त्यावरून बाहेर काय चाललंय हे त्याला ओळखायचं असतं.

मग तो काय करतो? आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधतो. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे सांगून ठेवलं होतं. आपण बघतो म्हणजे नकळत तर्क करत असतो, असं त्याचं म्हणणं.

विश्वास बसत नाही? मग आत्ता, पेपर खाली ठेवून एक प्रयोग करा. दोन्ही हात समोर ताठ करा, अंगठे वर करून एकमेकांशेजारी धरा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच बघत राहा, नजर हलवायची नाही. आता उजवा हात हळूहळू उजवीकडे न्या. वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर गेलं की उजव्या अंगठ्याचं टोक गायब! नाही जमलं तर अंगठा जरा वरखाली करून बघा.

प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर एक जागा अशी असते जिथून मज्जातंतू मेंदूकडे जातो. तिथे दिसण्याची सोयच नाही. म्हणजे जन्मापासून तुमच्या प्रत्येक डोळ्यासमोर एक भोक आहे. ते कधी दिसलं का? नाही. कारण आजूबाजूला जी भिंत आहे, तीच इथेही असणार असा अंदाज करून मेंदू ते भोक बेमालूम भरून टाकतो. अंगठा गेला तिथेही तुम्हाला काळा ठिपका दिसला नाही, मागची भिंतच दिसली. ती भिंत मेंदूने रंगवलेली होती.

१९९९ मध्ये राजेश राव या मूळच्या भारतीय संशोधकाने डॅना बॅलार्ड यांच्यासोबत या कल्पनेचं एक कॉम्प्युटर मॉडेल मांडलं. (हेच राव पुढे सिंधू लिपीच्या अभ्यासासाठीही गाजले.) त्यांचं म्हणणं असं, की मेंदूचे वरचे थर खालच्या थरांना सतत अंदाज पाठवत असतात, 'आता असं असं दिसेल बघ.' आणि खालचे थर वर सगळी माहिती पाठवतच नाहीत. जे अंदाजाशी जुळलं नाही, तेवढंच कळवतात.

ट्रेकला जाताना आपण घरी काय सांगतो? 'फोन नाही आला तर सगळं ठीक आहे असं समजा. काही वेगळं झालं तरच कळवतो.' अगदी तसंच. मेंदूसाठी बातमी एकच, अंदाज चुकला तीच.

बॉल दिसायच्या आधी

या अंदाजांशिवाय आपलं पानही हलणार नाही. क्रिकेटचंच घ्या. ताशी १४५ किलोमीटर वेगाने टाकलेला बॉल बॅटरपर्यंत पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. डोळ्याने बघून, मेंदूने ठरवून हात हलवायला त्यातला बराचसा वेळ निघून जातो. बॉल पूर्ण बघून मग खेळायचं ठरवलं तर दांडी गुल!

मायकल लँड आणि पीटर मॅकलाउड या इंग्लंडमधल्या संशोधकांनी बॅटरच्या डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा लावून हे तपासलं. २००० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. बॅटर बॉलचा अख्खा प्रवास बघतच नाही. तो बॉल हातातून सुटताना बघतो आणि मग त्याची नजर उडी मारून, जिथे टप्पा पडेल असा अंदाज आहे तिथे आधीच जाऊन थांबते. जो बॅटर जास्त चांगला, त्याची नजर तिथे जास्त लवकर पोचते. आपण म्हणतो ना, 'त्याच्याकडे खेळायला भरपूर वेळ असतो'? तो हा वेळ.

हे अंदाज आपण जन्मतः घेऊन येत नाही, बरेचसे शिकतो. त्याचा पुरावा आपल्याच देशात मिळाला. एमआयटीतले प्राध्यापक पवन सिन्हा यांचा 'प्रोजेक्ट प्रकाश' हा उपक्रम भारतात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या, कधीच नीट न पाहिलेल्या मुलांवर ऑपरेशन करून त्यांना दृष्टी देतो. पट्टी निघाल्यावर डोळे ठीक, पण मुलांना लगेच सगळं 'दिसत' नाही. एकमेकांवर आलेल्या दोन वस्तू कुठे संपतात, कुठे सुरू होतात ते कळत नाही. हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखता येत नाही. आणि गंमत म्हणजे काही दिवसांतच तो यायला लागतो. डोळा ऑपरेशनने मिळाला, पण बघायचं कसं हे मेंदूला रोजच्या सरावाने शिकावं लागलं.

स्वतःला गुदगुल्या करा बरं

नाही होत ना? का नाही होत? बोटं तीच, तळवा तोच. १९९८ मध्ये लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि तिच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन काढून याचं उत्तर शोधलं. आपण हात हलवतो तेव्हा त्या हुकमाची एक कॉपी मेंदू स्वतःकडे ठेवतो. त्यावरून आता तळव्यावर कसा स्पर्श जाणवेल याचा अंदाज आधीच तयार होतो. स्पर्श अंदाजाबरहुकूम आला, की मेंदू आवाज बारीक करतो. 'हे मीच केलंय, सोडून दे.' दुसऱ्याने गुदगुल्या केल्या तर असा अंदाज नसतो, म्हणून आपण खिदळतो.

दोन वर्षांनी याच ब्लेकमोरने आणखी एक प्रयोग केला. ज्यांना कानात आवाज ऐकू येतात किंवा 'माझा हात कुणीतरी दुसराच हलवतोय' असं वाटतं, अशा पेशंटना तिने स्वतःच्या हाताने स्वतःला स्पर्श करायला सांगितला. त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच गुदगुल्या करणारा वाटला.

जरा थांबून विचार करा याचा. 'हे मी केलं' आणि 'हे मला झालं' यातली भिंत आपल्याला किती भक्कम वाटते! ती भिंत एका अंदाजावर उभी आहे. तो अंदाज ढासळला तर स्वतःच्याच मनात बोललेलं वाक्य 'माझं' वाटणार नाही. ते बाहेरून आलेला आवाज वाटेल. कानात येणाऱ्या आवाजांमागे निदान काही अंशी हे असावं, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं.

आणि इथे माझी होस्टेलची खोली येते.

तीन निळ्या गाड्या

इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. माझा रूममेट हुशार, शांत, जरा लाजाळू. हे लिहू का असं त्याला विचारलं, तेव्हा म्हणाला, 'लिही, फक्त नाव टाकू नको.' म्हणून नाव नाही.

आधी त्याची झोप कमी झाली. आम्हाला वाटलं सबमिशनचं टेन्शन. मग एकदा मेसला जाताना म्हणाला, 'सकाळपासून तीन निळ्या गाड्या गेल्या, बघितलंस?' मी म्हटलं, 'मग? पुण्यात गाड्या जाणारच.' तो हसला नाही. काही दिवसांनी म्हणाला, 'मेसच्या काकांनी आज पहिली पोळी मलाच का वाढली?' मग सर बोर्डवर जी रेघ मारतात ती त्याच्यासाठी असते म्हणाला. मग क्लासच्या ग्रुपवरचे सगळे मेसेज त्याच्याबद्दल आहेत म्हणाला.

आम्ही काय केलं? त्याच्या फोटोचं स्टिकर केलं. खाली लिहिलं, 'निळी गाडी आली रे!' आणि ते त्याच ग्रुपवर टाकलं.

हे लिहिताना आजही लाज वाटते. त्याला जे वाटत होतं ते खोटं होतं, आणि आम्ही ते खरं करून दाखवलं.

पुढे त्याला रात्री आवाज यायला लागले. घरच्यांनी गावी नेलं. आधी अंगारे-धुपारे झाले, मग 'लग्न करून टाका' असे सल्ले झाले. सायकिअॅट्रिस्टकडे पोचेपर्यंत आठ महिने गेले. आजाराचं नाव होतं स्किझोफ्रेनिया.

डोपामिन म्हणजे फक्त मजा नव्हे

त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे मला फार उशिरा, वाचता वाचता कळलं. त्यासाठी जरा डोपामिनकडे जाऊ. 'रील बघितलं की डोपामिन मिळतं' असं आपण म्हणतो, जणू ते मेंदूतलं आइस्क्रीमच आहे. प्रकरण त्याहून भारी आहे.

वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशींचं काम नोंदवत होते. माकडाला अचानक ज्यूसचे थेंब मिळाले की या पेशी उसळायच्या. मग खूण आणि पाठोपाठ ज्यूस असा क्रम माकडाला शिकवला. आता पेशी खूण दिसल्यावर उसळायला लागल्या आणि प्रत्यक्ष ज्यूस मिळाला तरी ढिम्म! आणि खूण दाखवून ज्यूस दिलाच नाही, तर नेमक्या ज्यूस यायच्या क्षणी त्या पेशी गप्प झाल्या.

म्हणजे डोपामिन नुसतं 'मजा आली' असं सांगत नव्हतं. ते सांगत होतं, 'अंदाजापेक्षा जास्त मिळालं' किंवा 'अंदाजापेक्षा कमी मिळालं.' शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये हे गणितासकट मांडलं. मित्राने न सांगता पार्टी दिली तर जो आनंद होतो, तो दर शनिवारी ठरलेल्या पार्टीत का होत नाही, त्याचं उत्तर यात आहे. आणि रील्सचं व्यसनही. पुढचं रील भारी असेल की फालतू, याचा अंदाज येत नाही, म्हणून तर अंगठा थांबत नाही.

आता कल्पना करा, हा 'लक्ष दे, काहीतरी वेगळं घडलंय' सांगणारा सिग्नल कारण नसताना वाजायला लागला तर? रस्त्यावरून निळी गाडी जाते आणि मेंदूत घंटा वाजते, 'हे महत्त्वाचं आहे!' पोळी वाढली, घंटा. बोर्डवर रेघ, घंटा. दिवसभर, प्रत्येक फालतू गोष्टीला.

तुम्ही काय कराल? अर्थ शोधाल. माणूस अर्थ शोधल्याशिवाय राहूच शकत नाही. आणि 'सगळ्या गोष्टी मलाच काहीतरी सांगताहेत' याचा अर्थ लावायचा तर एकच गोष्ट बसते, कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून आहे. हे वाक्य मनात आलं की सगळे तुकडे जुळतात. इतके दिवसांचा गोंधळ संपतो. म्हणून तर तो संशय कितीही समजावलं तरी सुटत नाही.

ही मांडणी २००३ मध्ये शितिज कपूर या सायकिअॅट्रिस्टने केली. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले कपूर पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख झाले. त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. आजवरची बहुतेक औषधं डोपामिनचा जोर कमी करतात, म्हणजे घंटेचा आवाज कमी होतो. पण इतके दिवस रचलेली गोष्ट लगेच पुसली जात नाही. ती हळूहळू मागे पडते. त्याला वेळ लागतो, बोलावं लागतं, माणसं लागतात. 'गोळ्या चालू केल्या, तरी अजून तेच का बोलतोय?' असं वैतागून विचारणाऱ्या प्रत्येक घराने हे वाचायला हवं.

न वाजलेली शिट्टी

बरं, आवाजांचं काय? २०१७ मध्ये येल विद्यापीठात एक मस्त प्रयोग झाला. लोकांना स्क्रीनवर एक चित्र दाखवायचं आणि त्याच वेळी बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकवायचा. चित्र, आवाज. चित्र, आवाज. सवय झाली की हळूच आवाज बंद करायचा आणि फक्त चित्र दाखवायचं. अनेकांनी सांगितलं, 'हो, आवाज आला!' धडधाकट लोकांनीही. म्हणजे फोनच्या थरथरीचाच हा भाऊ. पण ज्यांना एरवी कानात आवाज येतात, त्यांना ही न वाजलेली शिट्टी कितीतरी जास्त वेळा ऐकू आली.

या प्रयोगात असेही लोक होते ज्यांना रोज आवाज येतात, पण ते आजारी नाहीत, त्यांचं आयुष्य छान चाललंय. त्यांच्यात आणि आजारी लोकांत फरक काय निघाला? 'आता चित्राबरोबर आवाज येत नाही, नियम बदललाय' हे मान्य करून अंदाज बदलणं आजारी लोकांना जास्त जड गेलं.

थोडक्यात, अंदाज चुकणं हा आजार नाही. सगळ्यांचेच चुकतात. चुकलेला अंदाज दुरुस्त न होणं, इथे अडतं.

पण गोष्ट इतकी सरळही नाही. मुखवटा आतल्या पोकळ बाजूने बघितला तरी आपल्याला तो फुगीर, पुढे आलेला चेहराच दिसतो. चेहरा पोकळ असूच शकत नाही, असा आपल्या मेंदूचा ठाम अंदाज असतो ना! स्किझोफ्रेनिया असलेले बरेच लोक मात्र इथे फसत नाहीत. त्यांना तो पोकळच, म्हणजे जसा आहे तसाच दिसतो. म्हणजे या ठिकाणी त्यांचा अंदाज आपल्यापेक्षा दुबळा आणि शिट्टीच्या प्रयोगात आपल्यापेक्षा जोरकस! मेंदूच्या कुठल्या थरावर अंदाज ढिला पडतो आणि कुठे घट्ट होतो, यावर संशोधकांचे वाद अजून चालू आहेत. ही चौकट उपयोगी आहे, पण शेवटचा शब्द नाही.

आपल्या सगळ्यांच्या घरातली गोष्ट

'स्किझोफ्रेनिया आपल्याला कुठे होतोय' म्हणून पान उलटू नका. पुढची उदाहरणं ओळखीची वाटतील.

पॅनिक अटॅक घ्या. जिना चढून आलात, छातीत धडधड होतेय. मेंदू एरवी म्हणतो, 'जिना चढलास, धडधडणारच.' पण कधीतरी अंदाज निघतो, 'हार्ट अटॅक!' मग भीती वाटते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड बघून मेंदू म्हणतो, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे चक्र नेमकं मांडलं. भीतीने स्वतःचाच पुरावा स्वतःच तयार केला!

ओसीडी घ्या. कुलूप लावलं, ओढून बघितलं, लागलंय. इथे मेंदूने 'झालं, जुळलं, पुढे चल' म्हणायला हवं. पण 'काहीतरी चुकलंय' हा सिग्नल बंदच होत नाही. म्हणून परत जिना चढायचा, परत कुलूप ओढायचं. त्या माणसाला कुलूप लागलेलं दिसतं, तो मूर्ख नसतो. पण दिसणं पुरेसं पडत नाही.

आणि डिप्रेशन. टाली शॅरोट या संशोधिकेच्या प्रयोगात लोकांना विचारलं जायचं, 'तुमच्या आयुष्यात अमुक वाईट गोष्ट घडण्याची शक्यता किती?' मग खरा आकडा सांगायचा आणि पुन्हा विचारायचं. बहुतेक लोक चांगली बातमी चटकन मनावर घेतात, वाईट बातमी मात्र अर्धीच. आपण सगळे थोडे खोटे आशावादी असतो आणि बहुधा त्यावरच सकाळी उठतो! डिप्रेशन असलेल्यांमध्ये हा झुकाव दिसला नाही. एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट गेल्यावर 'आता काहीच होणार नाही' असं ज्याला खोलवर वाटतं, त्याला आपण 'पॉझिटिव्ह विचार कर रे' म्हणतो. तो आळशी नसतो. 'हात हलवून उपयोग नाही' असा त्याच्या मेंदूचा अंदाज पक्का झालेला असतो. मग तो हात हलवत नाही, काही घडत नाही, आणि अंदाज आणखी पक्का होतो.

ऑटिझमबद्दलही पवन सिन्हा आणि इतर काही संशोधकांनी असाच विचार मांडलाय. ऑटिझम हा मानसिक आजार नाही, ती मेंदूची वेगळी घडण आहे. पुढे काय होईल याचा अंदाज बांधणंच अवघड जात असेल, तर जग सतत अचानक अंगावर येणार. मग रोज तोच रस्ता, तीच ताटली हवी असा हट्ट का असतो, ते जरा समजतं.

मग दुरुस्ती कशी?

चांगली बातमी अशी, की अंदाज शिकलेले असतात, म्हणून पुन्हा शिकताही येतात. आजची बरीचशी टॉक थेरपी याच तत्त्वावर चालते. पॅनिक असलेल्या माणसाला थेरपिस्ट नुसतं 'काही होत नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, 'जागेवर एक मिनिट पळू. छाती धडधडेल. तुझा अंदाज काय?' 'चक्कर येऊन पडेन.' पळून झाल्यावर दोघं बघतात, पडला का? नाही. अंदाज कागदावर लिहायचा, मग तपासायचा. मेंदूला लेक्चर देऊन पटत नाही. त्याचा अंदाज त्याच्यासमोर चुकावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. डिप्रेशनमध्येही 'आधी मूड येऊ दे, मग बाहेर पडेन' असं न म्हणता छोटी, ठरवलेली कामं करायला लावतात, ती यासाठीच.

पण स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधं लागतातच, आणि लवकर लागतात. हा आजार बहुतेकदा सोळा-सतरापासून पंचविशी-तिशीपर्यंत डोकं वर काढतो, म्हणजे हे पान वाचणाऱ्यांच्या वयात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात साधारण ३०० जणांमागे एकाला तो असतो. उपचाराविना जितके महिने जातात, तितकं पुढे सावरणं अवघड होतं. गांजा ओढणाऱ्यांमध्ये, विशेषतः कमी वयात आणि भरपूर ओढणाऱ्यांमध्ये, असा आजार होण्याचा धोका वाढतो. 'नॅचरल आहे रे' म्हणणाऱ्या मित्राला हेही सांगा.

आणि तरी निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात काय दिसलं? वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. माझ्या रूममेटचे आठ महिने असेच गेले. त्यातले पहिले दोन महिने तर तो आमच्यासोबत, एकाच खोलीत होता. आम्ही हसत होतो.

आता तो नोकरी करतो. गोळ्या चालू आहेत. तब्येत कधी चांगली, कधी बरी. मध्ये एकदा घरी आला होता. चहा पिताना त्याने अचानक कप खाली ठेवला आणि विचारलं, 'आत्ता कुणी हाक मारली का रे?'

मी नीट कान देऊन ऐकलं. म्हटलं, 'नाही. मला तरी नाही आली.'

'बरं,' तो म्हणाला आणि पुन्हा कप उचलला.

त्या वर्षी होस्टेलमध्ये त्याने निळ्या गाड्यांबद्दल विचारलं होतं, तेही याचसाठी असेल. स्वतःचा अंदाज तपासून घ्यायला. तेव्हा आम्ही स्टिकर केलं होतं. तुम्ही करू नका.

मित्र असं वागायला लागला तर?

* झोप उडणं, मित्रांपासून तुटणं, अभ्यासातून लक्ष उडणं, साध्या गोष्टींमध्ये खुणा दिसणं, 'सगळे माझ्याबद्दलच बोलतात' असं वाटणं हे काही आठवडे चाललं असेल तर गंभीरपणे घ्या. यातली एखादी गोष्ट म्हणजे आजारच असं नव्हे, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

* वाद घालू नका. 'वेडा आहेस का' म्हणू नका. आणि 'हो हो, खरंच पाळत आहे' असंही म्हणू नका. 'मला तसं दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय' एवढं पुरे.

* एकट्याने सांभाळू नका. घरच्यांना, विश्वासातल्या सरांना किंवा मॅडमना, कॉलेजच्या काउन्सेलरला सांगा. गुपित ठेवण्यात मैत्री नाही.

* चेष्टा, मीम, स्टिकर पूर्ण बंद.

* गोळ्या सुरू झाल्यावर 'आता बरा दिसतोस, सोडून दे' असा सल्ला देऊ नका. ते डॉक्टरच ठरवतील.

* सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, लगेच मदत मागा.